चतुःसीमा

प्रायाहून निघालेली मिनीबस
दर वळणाला कुणाच्या तरी मांडीवर सिमेंटची गोणी ढकलत
अडीच तासांनी बाटू लेओंगला पोचली.
साहेब पुढे बसले होते.
मी टपावर, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून,
टेपची पेटी पोटाशी धरून.

सेरिनाहची आई, म्हणून इनाक सेरिनाह.
फॉर्मसाठी स्वतःचं नाव सांगायला
तिला थोडं थांबावं लागलं.
मग तिनं आढ्यातून बांबूची नळी काढली.
आधी एक झुरळ निघालं, मग भाताची लोंबी,
मग आजेसासऱ्याच्या नावची शेतसाऱ्याची पावती.
मधल्या दोन ओळी वाळवीनं वाचून टाकलेल्या.

पूर्वेस चिंच, आमाक केर्तेची.
उत्तरेस बैलांची वाट.
पश्चिमेस पापुक नुर्सिपची कबर.
दक्षिणेस समुद्र.

शेजाऱ्यांच्या सह्या लागतात.
केर्तेचा जावई आला, चिंचेला हात लावून हो म्हणाला.
वाटेसाठी गावप्रमुखानं शिक्का दिला;
बैल कधीच विकले गेले, आता तिथून
स्कूटरला फळ्या बांधून लाटांवर खेळणारी गोरी पोरं जातात.
कबरीचा नातू लवंगी सिगारेट कानामागे ठेवून
सावकाश, एकेक अक्षर लिहून गेला.

नवऱ्याची संमती?
नवरा साबाहला, पामच्या मळ्यात, अकरा वर्षं.
फोनच्या काचेवर त्यानं अंगठा दाखवला.
साहेब म्हणाले, असा नाही, शाईचा.
तो हसला. जहाजाचं भाडं जमलं की येतो म्हणाला.
इनाकनं फोन उलटा ठेवला.

चिंचेखाली पांढरी गाडी, काचा वर.
आत दलाल. तो आरावर भाव सांगतो,
पण त्याला माती नकोच आहे,
तिच्या पायरीवर बसलं की दिसतं ते हवंय.

कायदा सोपा आहे.
सगळ्यात मोठ्या भरतीच्या रेघेपासून
शंभर मीटर सोडायचे.
कुठली भरती? तिनं विचारलं.
माझ्या लग्नातली, की परवाची?
आणि बोटानं दाखवला
लाटांत उभा असलेला दगडी कठडा.
आमची विहीर. गोडं पाणी होतं.

आम्ही परवाची धरली.
टेपचं टोक घेऊन मी गुडघाभर पाण्यात,
साहेब मागे मागे सरकत गेले
शेळ्यांच्या गोठ्यातून, ओट्याखालून,
वाळत टाकलेल्या शेवाळाच्या दोरांवरून,
आणि ओरडून आकडा सांगितला.
शंभर चुलीपाशी आले.
अर्धी चूल तिची.

ती काही बोलली नाही. पाण्याकडे पाहिलं,
लुंगी वर खोचली, टोपली आणि लोखंडी गज घेतला.
मोजणी थांबवा हवं तर, म्हणाली,
ओहोटी थांबायची नाही.

खडक उघडे पडत गेले, मैलभर.
साऱ्या गावच्या बायका त्यावर,
पोरं, एक आंधळा म्हातारा दोरीला धरून.
माझा टेप संपला त्याच्या पलीकडे ती वाकली होती.
दगड उलटला, खालचा माकूळ काढला,
दगड पुन्हा होता तसा, होता त्या कुशीवर ठेवला.
मी किती वेळ बघत राहिलो कुणास ठाऊक.
माझ्या चपला तेवढ्यात वाहून गेल्या.

फॉर्मवर चौथ्या रकान्यात साहेबांनी आडवी रेघ मारली.
आठवड्यानं फाइल परत आली:
दक्षिण बाजू अपूर्ण.

मंगळवारी पुन्हा जायचंय.
साहेब विचारतात, लांब टेप घ्यायचा का.
मी म्हटलं, ओहोटी किती वाजता ते आधी विचारू.

निघताना तिनं केळीच्या पानात कालवं बांधून दिली होती,
आणि बस सुरू झाल्यावर मागून धावत येऊन सांगितलं,
येशील तेव्हा शाईची डबी आण एक.
घरात असलेली बरी.